मेंढरं किती?

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्याच्या तराजूखाली वाकून बघणारी बाई मी. नवरा 'जेवून आलोय' म्हणाला तर कुठं, कुणाबरोबर आणि काय, एवढं विचारल्याशिवाय त्याचं ताट उचलत नाही. आई म्हणायची, हिला नोकरी लागली तर पोलिसातच लागेल. पोलिसात काही लागली नाही. परभणीत एका दवाखान्यात मानसशास्त्रज्ञ म्हणून लागली, आणि गंमत अशी की तिथं मला संशयाचाच पगार मिळायला लागला.

कोर्टाकडून माझ्याकडे माणसं यायची. कुणी कुणाचं डोकं फोडलेलं, कुणी गंजीला काडी लावलेली. कोर्टाला दोनच गोष्टी हव्या असत: हा माणूस पुढंही धोक्याचा आहे का, आणि इलाजानं त्याच्यात काही फरक पडला का. त्यासाठी आमच्याकडे एक यादी असते. गोड बोलून गुंडाळतो का, गरज नसताना खोटं बोलतो का, दुसऱ्याच्या दुखण्याचं त्याला काही वाटतं का, केल्याचा पस्तावा आहे का, एका जागी टिकतो का. एकेका मुद्द्याला शून्य, एक नाहीतर दोन गुण. बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली की त्या माणसाला सायकोपॅथ म्हणायचं. साध्या भाषेत, काळजाच्या जागी दगड. हा शिक्का एकदा बसला की जन्मात निघत नाही, आणि तो मारायची शाई माझ्या टेबलावर असायची.

आता ज्याची बुद्धीच जन्मापासून कमी, त्याला ही यादी लावायची कशी? त्याला उद्याचा विचार जमत नाही तो बुद्धीमुळे की बेफिकिरीमुळे? पस्तावा हा शब्दच ज्याला कळत नाही त्याला पस्तावा आहे का, हे विचारायचं कुठल्या तोंडानं? शिवाय अशा माणसांची एक सवय असते. विचाराल त्याला हो म्हणतात. मारलंस का? हो. नाही ना मारलंस? हो. म्हणून आमच्या जाड पुस्तकात लिहिलेलं असतं की अशा वेळी जपून गुण द्या. मी जपायची. माझं जपणं म्हणजे एकच प्रश्न चार महिने चार तऱ्हेनं विचारणं आणि कुठं फाटतंय ते बघणं.

तो आला तेव्हा तिशी ओलांडलेला होता. पालमकडचा. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, बाकी मजुरी. सुगी झाली की घरातली माणसं मेंढरं घेऊन निघायची. या गावच्या शेतात चार रात्री, त्या गावच्या शेतात चार रात्री, शेतकऱ्याला खत आणि ह्यांना दाणे. अशाच एका मुक्कामात मेंढरं शेजारच्या अजून न काढलेल्या सोयाबीनमध्ये घुसली. तिथल्या सालगड्यानं एका गाभण मेंढीला दगड मारला. ह्यानं त्याच दगडानं सालगड्याचा डावा डोळा घालवला. शिक्षा झाली, पण त्याची बुद्धी बघून कोर्टानं तुरुंगात न धाडता वर्षभर चांगल्या वागणुकीच्या हमीवर घरी ठेवलं. अट एकच, दर महिन्याला माझ्याकडे यायचं. वर्षाअखेर मी अहवाल द्यायचा. अहवाल बरा गेला तर मेंढरं, वाईट गेला तर तुरुंग.

त्याला घेऊन त्याची वहिनी यायची. पहाटेच्या एसटीनं निघायची आणि दवाखान्याच्या बाकावर डबा मांडीवर ठेवून बसायची. थोरला भाऊ मेंढरांमागं, आई-बाप गेलेले, तेव्हा हा दीर तिच्याच गळ्यात. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगून टाकलं की खटल्याआधी तो दीड महिना आत होता तेव्हा जेवणच सोडलं होतं, भिंतीकडं तोंड करून बसायचा. म्हणाली, "आता आत गेला तर त्यो परत येत न्हाई मॅडम." तिनं रडून सांगितलं असतं तर मी सावध झाले असते. ती न रडता बोलली, म्हणून मी जास्तच सावध झाले.

कारण मी त्या सालगड्यालाही भेटले होते. तो डोळ्याच्या तपासणीला आला होता, मीच निरोप धाडून त्याला माझ्या खोलीत बोलावलं. माणूस साधा, शिवीगाळ नाही, आदळआपट नाही. एवढंच म्हणाला, "त्यो येडा न्हाई मॅडम. येड्याला डोळ्यावर नेम धरता येतो का?" त्या एका वाक्यानं माझी झोप उडवली. खरंच की. भोळेपणाचं सोंग पांघरून बसलेला बेरकी माणूस मला फसवत असेल तर? आमच्या धंद्यात फसणाऱ्याची नाचक्की होते ती होतेच, पण पुढचा डोळा कुणाचा जाईल?

तेव्हापासून मी त्याच्याकडे डोळ्यात तेल घालून बघायला लागले. तो हसायचा फार. गोरा नाही, देखणा नाही, पण हसला की माणूस नाहक विरघळायचा. दवाखान्यातल्या झाडू मारणाऱ्या मावशी त्याच्यासाठी चहा राखून ठेवायच्या. मी यादीत लिहिलं, गोड वागून माणसं वश करतो, गुण एक. सालगड्याचा विषय काढला तरी तो हसायचा. त्याचा डोळा गेला, माहीत आहे का तुला, म्हटलं की मान हलवायचा आणि पुन्हा तेच हसू. लिहिलं, दुसऱ्याच्या दुखण्याचं काही नाही, गुण दोन. आज इथं उद्या तिथं राहतो, ठावठिकाणा नाही, गुण एक. लिहिताना मला काहीच खटकलं नाही, हे इथं कबूल करून टाकते.

इलाज म्हणून मी त्याला तीन गोष्टी शिकवत होते. राग आला की थांब. हात मागं. तीन पावलं मागं. बस. दर वेळी आम्ही खोलीत हे करून बघायचो. मी खोटंखोटं डाफरायची, तो थांबायचा, हात पाठीमागं बांधायचा, तीन पावलं मागं सरकायचा आणि शाबासकीसाठी माझ्याकडं बघायचा. चौथ्या महिन्यापासून एकदाही चुकला नाही. प्रगतीच्या तक्त्यात मी बाणासारखी वर जाणारी रेघ काढत होते आणि माझा त्या रेघेवर काडीचा विश्वास नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या खोलीत, पंख्याखाली, शाबासकीसाठी कोण नाही थांबणार? बाहेर, रानात, खरंच कुणी गचांडी धरली तर?

एकदा मी मुद्दाम वेळेआधी दार उघडलं. बाकावर वहिनी आणि तो समोरासमोर. ती पुटपुटत होती, तो तिच्यामागून म्हणत होता: थांब, हात मागं, तीन पावलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे ही पोपटपंची घरून घोटून आणलेली! वहिनीला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली की एसटीत बसल्यापासून ते हेच करतात, रानातबी करतात. मी तक्त्याच्या कडेला लिहिलं, नातेवाईक पढवतात.

पण सगळ्यात मोठी चोरी मी पकडली ती मेंढरांच्या आकड्यात. पहिल्या दिवशी गप्पांची सुरुवात म्हणून विचारलं होतं, मेंढरं किती रे तुमच्याकडं? म्हणाला, चाळीस. पुढच्या महिन्यात म्हणाला, सतरा. मग एकदा एकशेदोन. एकदा नुसतं 'लय हायेत.' मला वाटलं, मोजताच येत नसेल. म्हणून मूठभर चिंचोके टेबलावर ओतले आणि म्हटलं, मोज. त्यानं पाच-पाचाचे ढीग केले आणि अचूक सांगितलं. त्यातले सात काढून पुन्हा ओतले. पुन्हा अचूक. म्हणजे मोजता येतं, आणि तरीही दर वेळी नवी थाप. मग मी बाहेर जाऊन वहिनीला विचारलं. तिनं तिसराच आकडा सांगितला, तोही माझ्या डोळ्याला डोळा न देता.

घ्या. कुठंतरी पाणी मुरतंय हे मला ठाऊक होतंच, आता जागा सापडली. फायद्यासाठी खोटं बोलणारे ढीगभर असतात, त्यांचं मला काही वाटत नाही. पण ज्या खोट्यातून दमडीचा फायदा नाही, ते सहज, हसत हसत, वर्षभर बोलणारा माणूस आमच्या यादीत फार वाईट गणला जातो. त्या मुद्द्याला मी दोन गुण दिले आणि खाली रेघ मारली. इतकी ठासून की कागद फाटला.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. तिसऱ्या का चौथ्या भेटीत त्यानंच मला विचारलं होतं, "बाई, तुमाला लेकरं किती?" असल्या माणसांना घरचं काही सांगायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं. आणि शिकवलं नसतं तरी मी सांगितलं नसतं. मी चटकन म्हणाले, एक मुलगा, पुण्याला असतो. पुढं तो कधीमधी विचारायचा, पोरगं बरं हाय का? मी म्हणायची, बरं आहे. त्याला मी एक शाळा दिली, एकदा तापही आणला. आणि माझ्या दोन मुली परभणीतच, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर, माझी वाट बघत असायच्या. हे खोटं मला कधी खोटं वाटलंच नाही. ती खबरदारी होती.

वर्ष भरलं. अहवाल लिहिला. बेरीज रेषेच्या वर गेली, फार नाही, एकाच गुणानं. मी लिहिलं की इलाजातली प्रगती वरवरची व पाठ केलेली वाटते, आणि समाजात ठेवणं जोखमीचं आहे. पाकीट चिकटवलं. सोमवारी शिपाई ते कोर्टात नेणार होता.

रविवारी मुलींना बूट घ्यायला बाजारात गेले. शाळा उघडायच्या होत्या, ही गर्दी. धाकटीला बूट चढवत होते तेवढ्यात मान वर केली तर रस्त्यापलीकडे तो. वहिनी औषधाच्या दुकानात होती, मेंढरांना पाजायचं जंताचं औषध घ्यायला आलेली. त्यानं मला बघितलं, हसला आणि सरळ आमच्याकडं चालत आला. त्याची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या मुलींवर होती.

मी धाकटीला मागं ओढलं आणि भर बाजारात ओरडले, "तू इथं काय करतोस? मागं हो!" झालं. लोकांना तेवढंच पाहिजे असतं. दुकानदार गल्ल्यावरून उठला, त्यानं ह्याची कॉलर धरली आणि काही न विचारता एक कानाखाली वाजवली. वर म्हणाला, बायामाणसांच्या मागं लागतो का रे.

मी ते तोंड विसरू शकत नाही. लालबुंद झालं. मानेची शीर टरारली. उजवा हात कोपरातून उचलला गेला आणि मूठ वळली. समोर दुकानदाराचा चेहरा, वीतभर अंतरावर, दोन्ही डोळे शाबूत. आता, मी मनात म्हणाले. आता दिसेल खरा.

मूठ सुटली. हात पाठीमागं गेले, आधी उजवा, मग डावा, आणि बोटं बोटांत अडकली. ओठ हलत होते. एक पाऊल मागं. दोन. तिसरं पाऊल गटारीच्या काठावर पडलं, तरी त्यानं ते टाकलंच. वहिनी धावत येईपर्यंत तो तसाच उभा होता, गालावर चार बोटं उठलेली. त्यानं दुकानदाराकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं बघून, आवाज खाली आणून, कौतुकानं म्हणाला, "बरं केलं बाई. दोन हायेत, आन् मला एकच सांगितलं."

मला काही कळेना. तो मुलींकडं आता बघतही नव्हता, मुद्दाम मान वळवून उभा होता. मग वहिनीनं ओशाळून सांगितलं. घरातल्या मेंढरांचा खरा आकडा परक्याला सांगायचा नसतो. सांगितला की दृष्ट लागते, आकडा खाली येतो. त्याच्या आईनं लहानपणी हे त्याच्या मनावर इतकं बिंबवलं होतं की मी विचारलं की त्याला घामच फुटायचा. खरं चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून तो दर वेळी नवा आकडा काढायचा. आणि मी वहिनीला विचारलं तेव्हा तिनंही तेच केलं. "मॅडमला कसं सांगावं, त्या रागावतील," असं तिला वाटलं होतं.

तो मधेच म्हणाला, "तुमचं म्या कुणाला सांगत न्हाई."

आणि बघा माझं मन कसलं. एवढं सगळं डोळ्यांदेखत होऊनही ते वाक्य ऐकल्यावर मी धाकटीचा हात आणखी घट्ट धरला. म्हणजे काय, सांगत न्हाई? कुणाला? घरी येताना रिक्षात थोरलीनं विचारलं, आई, त्यानं काय केलं होतं? मी तिला गप्प बस म्हणाले.

सोमवारी शिपायाच्या आधी पोचले आणि पाकीट फोडलं. अहवाल समोर ठेवून बसले तर मला माझीच लाज वाटायला लागली. गरज नसताना खोटं बोलतो, गुण दोन. त्याच्या खोट्याला कारण होतं, माझ्यासारखंच, घरातलं जिवापाड जपायचं. मग मला कोण गुण देणार होतं? मी तर मुलाला तापही आणला होता. ठावठिकाणा नाही, गुण एक. अगं बाई, मेंढरांमागं जाणारा माणूस एका जागी कसा राहील? नातेवाईक पढवतात. मग पढवलं तर पढवलं. मी तरी दुसरं काय करत होते? तिनं एसटीत, रानात, बाकावर त्याच्याकडून तेच घोटून घेतलं म्हणून तर दुकानदाराचा डोळा वाचला.

सगळंच खोडलं असं मात्र नाही. सालगड्याच्या नावावर येणारं ते हसू मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळलेलं नाही. घाबरला की तो हसतो, असं वहिनी म्हणते. असेल. त्या सालगड्याला एका डोळ्यानं जग बघावं लागतंय, हेही तितकंच खरं. तिथले दोन गुण मी तसेच ठेवले आणि शेजारी लिहिलं, याची मला खात्री देता येत नाही. बाकी बाजारातला प्रसंग जसाच्या तसा लिहिला. मी ओरडले, माझ्यामुळं त्याला मार बसला, आणि वर्षभर त्याला माझ्या घराबद्दल खोटं सांगितलं, तेही लिहिलं. कोर्टाच्या अहवालात असलं काही लिहायची पद्धत नाही. वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं की तुम्हाला बरं नाहीये का. मी म्हणाले, तेच कोर्टात जाऊ द्या.

ते गेलं. त्याची हमी कायम राहिली, भेटी आणखी वर्षभर चालू ठेवायच्या ठरल्या.

पुढच्या महिन्यात तो आला. गालावरचं कधीच गेलं होतं. बसला, हसला, आणि यावेळी पुण्याच्या पोराबद्दल काही विचारलं नाही. मी वही मिटली. म्हणाले, "मला दोन मुली आहेत. मुलगा नाहीच. मी खोटं बोलले होते रे."

तो एकदम कावराबावरा झाला. उठून दार नीट लागलंय का बघून आला, खिडकीतून डोकावला. मग टेबलावरून वाकला आणि माझ्या कानाशी येऊन एक आकडा म्हणाला. हात पाठीमागंच होते त्याचे.

तो आकडा वर्षभरातल्या एकाही आकड्याशी जुळत नव्हता. माझा हात सवयीनं पेनाकडं गेला. बाहेर बाकावर वहिनी होती, उठून चार पावलं टाकली असती तर विचारता आलं असतं. मी बसून राहिले आणि त्याला म्हणाले, कुणाला सांगत नाही.